तुझं काही चुकलं नव्हतं, सिंधू

सिंधू,

तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले. भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच गोष्ट बोलतं. "लई गुणाची होती हो बाई तुमची जाऊ. कधी कोणाला उलटून बोलली न्हाई." मी मान हलवते. पहिले चार-पाच दिवस ते ऐकून मलाही बरं वाटायचं. आता वाटत नाही. हे लोक ज्याला तुझा गुण म्हणतात, त्यानंच तुला आतून पोखरलं. आणि ते पोखरणं चालू होतं तेव्हा त्याचं सगळ्यात जास्त कौतुक मीच करत होते.

तू लग्न होऊन आमच्या हट्टा गावातल्या घरात आलीस तेव्हा माझ्या मास्तरकीला दोन वर्षं झाली होती. गाव मला शाळेमुळं 'बाई' म्हणायचं, म्हणून तूही बाईच म्हणायला लागलीस. तुझ्या पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट मला आठवते. मी चुलीवर दूध ठेवून पोरांच्या वह्या तपासत बसले होते. दूध करपलं. वास घरभर झाला आणि आपल्या सासूबाई दारातूनच ओरडत आल्या. तू तर बाहेर हापश्यावर पाणी भरत होतीस. कळशी तशीच ठेवून आत आलीस आणि म्हणालीस, "माझंच चुकलं, आत्याबाई. ध्यान न्हाई राहिलं."

मी तुझ्याकडं पाहिलं. तू माझ्याकडं बघून जराशी हसलीस. आत्याबाई तुला बोलल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, बरी मिळाली जाऊ. तेव्हा मी गप्प बसले, आणि पुढं तेच माझ्या अंगवळणी पडलं.

एकतीस वर्षं मी नोकरी केली. लोक म्हणतात, बाईंनी कष्टानं केली. मी केली ती तुझ्या जिवावर. सकाळी डबा हातात, संध्याकाळी भाकरी गरम. माझा प्रशांत तुझ्याच कडेवर मोठा झाला. तो सहा वर्षांचा असताना त्याला टायफॉईड झाला, तेव्हा मी निवडणुकीच्या ट्रेनिंगला वसमतला होते. घरी आले तर तू त्याच्या कपाळावर ओली घडी ठेवत बसलेली. मला बघितल्याबरोबर उठलीस. "बाई, माझंच दुर्लक्ष झालं. सकाळीच अंग गरम लागत होतं, मी दवाखान्यात उशिरा नेलं." मी त्याची आई. मी तिथं नव्हते. आणि माफी तू मागत होतीस. मी तुला काय म्हणाले ते मला आठवत नाही. 'जाऊ दे' असंच काहीतरी म्हणाले असेन. म्हणजे तुझी चूक होती हे मान्य करून मी तुला मोठ्या मनानं माफ केलं.

तू काही सदा रडवेली नव्हतीस. तसं कोणाला वाटायला नको. माझ्या स्कूटीवर मागं बसून वसमतला बांगड्या भरायला जाताना तू माझ्या कमरेला इतकी घट्ट मिठी मारायचीस की मला श्वास घ्यायला तकलीफ व्हायची. रस्त्यात म्हैस आडवी आली की माझ्या कानात ओरडायचीस, "बाई, हान्ला वाजवा." मी शंभरदा सांगितलं, हॉर्न म्हण. तू हान्लाच म्हणायचीस आणि पदर तोंडात धरून हसायचीस. हळद शिजली की नाही ते तुला नुसत्या वासावरून कळायचं. भाऊजी कढईपाशी उभे राहून तुलाच हाक मारायचे.

पण ते हसू फार वेळ टिकायचं नाही, हे मी पाहत होते. पाहुणा दुसऱ्यांदा वरण घेतल्याशिवाय उठला, तर चार दिवस तू मला विचारायचीस, "बाई, वरणात काही कमी होतं का?" हळदीकुंकवाला एखादी बाई तुझ्याशी न बोलता निघून गेली, की तिचं लेकरू आजारी असेल, तिला घाई असेल, हे तुझ्या मनातच यायचं नाही. "माझं काही चुकलं का?" हाच प्रश्न. कोणी चांगलं म्हणालं तर ते तुला लागू पडायचं नाही. कोणी वाईट बोललं तर ते तू वर्षभर जपून ठेवायचीस. कामं करता करता ओठ हलायचे. तीच गोष्ट पहिल्यापासून, परत, परत. मी चेष्टा करायचे. "सिंधूचं दळण सुरू झालं." घरातले सगळे हसायचे. तूही हसायचीस.

आता ते लिहिते, जे मी तुला कधीच सांगितलं नाही.

तुझ्या अश्विनीचं स्थळ मी आणलं, हे सगळ्या घराला माहीत होतं. माझ्या शाळेतल्या एका बाईंच्या नात्यातला मुलगा, पुण्यात कंपनीत. मी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. पण साखरपुड्याच्या आधी त्याच बाई मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या होत्या, "पोरगं कधीमधी घेतं हो. पण लग्न झालं की सुटंल. आजकाल कोण न्हाई घेत?" हे मी घरी कोणालाच सांगितलं नाही. माझ्या मनात वाईट नव्हतं. पण मी शब्द देऊन बसले होते. आणलेलं स्थळ मीच कसं मोडू, लोक काय म्हणतील, बाईंना एवढंही कळलं नाही का, हेच डोक्यात होतं.

तू मात्र मला विचारलं होतंस. आपण दोघी अंगणात तीळ निवडत बसलो होतो. तू खाली बघतच विचारलंस, "बाई, पोराला काही नाद तर न्हाई ना?"

मी म्हणाले, "मी सगळी चौकशी केली हाय. तू काहून शंका काढून राहिलीस?"

तू लगेच म्हणालीस, "न्हाई न्हाई. माझंच चुकलं. तुमी बघितलंय म्हणल्यावर मी विचारायलाच नव्हतं पाहिजे."

दीड वर्षानं अश्विनी परत आली. एक बॅग, आणि दंडावर काळेनिळे वळ. भाऊजी ओसरीत डोकं धरून बसले. तू लेकीला जवळ घेतलंस आणि म्हणालीस, "माझंच चुकलं. आई असून मला माणूस पारखता आला न्हाई." मी तिथंच होते, अश्विनीची बॅग हातात धरून. तू एकदाही माझ्याकडं पाहिलं नाहीस. मला त्याचं बरं वाटलं.

सोयाबीन निघायच्या दिवसांत तू हळूहळू विझायला लागलीस. आधी जेवण कमी झालं. मग वेणी घालणं सुटलं. पहाटे तीनलाच तुला जाग यायची आणि मग डोळ्याला डोळा लागायचा नाही. दाराशी बसून राहायचीस, समोर कोण आलं-गेलं त्याचं भान नसायचं. हळद निघाली, शिजली, तू कढईकडं फिरकली नाहीस. एकदा म्हणालीस, "बाई, माझ्यासारखीनं घरात असून काय उपयोग? सगळ्यांचं वाटोळं केलं मी." मला भीती वाटली. आणि मी काय म्हणाले? "विचार करू नको. मन रमव. देवाचं नाव घे." वर्गातल्या पोराला अपूर्णांक कळला नाही तर मी चार वेगळ्या तऱ्हांनी समजावून सांगायचे. तुला रोज तेच एक वाक्य. विचार करू नको म्हटल्यानं विचार थांबत असता, तर तूच तो कधीचा थांबवला असतास.

तुला दवाखान्यात नेण्याचं मला सुचलं नाही, भाऊजींनाही नाही. शेजारच्या रेहानाभाभी मशीनवर ब्लाऊज शिवता शिवता अश्विनीला म्हणाल्या, "मेरे भाई को भी ऐसाच हुआ था. नांदेडला नेलं, गोळ्या चालू केल्या, आता बराबर दुकान सांभाळतो. लाजायचं काहून? डोकं बी शरीराचंच हाय ना." अश्विनीनंच मग नंबर लावला. तू एकटी जायला घाबरत होतीस, म्हणून भाऊजी आणि मी संगं आलो.

त्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या तुझ्याशी पाऊण तास बोलत बसल्या. एवढा वेळ तुझं कोणी ऐकून घेतल्याचं मी आपल्या घरात कधी पाहिलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "याला नैराश्य म्हणतात. हा आजार आहे, आणि त्याला औषध आहे." भाऊजी म्हणाले, "पण मॅडम, ती लहानपणापासून तशीच हाय. सगळं मनाला लावून घेती." तेव्हा त्या म्हणाल्या, "असा स्वभाव म्हणजे आजार नव्हे. पण प्रत्येक चूक स्वतःकडं ओढून घ्यायची, तीच गोष्ट घोळत बसायचं, स्वतःला काय हवं ते कधी बोलायचं नाही, अशा सवयी असल्या आणि वरून असा घाव बसला, की आजार लवकर धरतो. सवय बदलता येते. वेळ लागतो."

दुसऱ्या खेपेला त्यांनी कागदावर एक मोठा गोल काढला. तुला पेन दिलं आणि म्हणाल्या, "ही भाकरी समजा. मुलीचं लग्न फसलं, त्यात ज्याचा जेवढा वाटा, तेवढा तुकडा त्याच्या नावानं तोडा." तू कितीतरी वेळ पेन धरून बसलीस. मग कडेला एक बारीक तुकडा काढून म्हणालीस, हा जावयाचा. त्याच्या शेजारी त्याहून बारीक, हा यांचा. आणि उरलेली सगळी भाकरी तू स्वतःच्या नावावर केलीस.

त्यांनी विचारलं, "मारलं त्यानं, आणि त्याला एवढाच तुकडा? बरं, स्थळ कोणी आणलं होतं?"

तू म्हणालीस, "बाईंनी. पण त्यांनी भल्यासाठीच आणलं. त्यांचा काही वाटा न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या बघण्यात आरोप नव्हता. जागा करून दिल्यासारखं होतं ते, बोलायचं असलं तर बोला म्हणून. एक वाक्य बोलायचं होतं. मला माहीत होतं आणि मी लपवलं, एवढंच. सिंधू, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले. परतीच्या एसटीत तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस. मी खांदा हलू दिला नाही, आणि तेवढ्यानं मी तुझ्यासाठी काहीतरी केलं असं मनाला समजावलं.

गोळ्यांनी तीनेक महिन्यांत फरक पडला. तू जेवायला लागलीस, तेल लावून वेणी घातलीस. वहीत लिहायचं काम त्यांनी दिलं होतं. सातवी शिकलेली तू, अडखळत लिहायचीस. जे घडलं ते एका बाजूला, आपल्याला जे वाटलं ते दुसऱ्या बाजूला. मी शुद्धलेखन तपासायला गेले तर वही मिटून म्हणालीस, "ही तपासायची वही न्हाई, बाई." मला ते तेव्हाच टोचलं होतं.

मग प्रशांतच्या नांदेडच्या नव्या घराची वास्तुशांत ठरली. नोकरी संपल्यावर मी गावातच वेगळं घर केलं होतं. तिथून तुझ्याकडं येऊन मी तुला सांगितलं, विचारलं नाही. "आठ दिवस आधी यायचं. स्वयंपाकाचं सगळं तुझ्याकडं."

तू भाजी चिरत होतीस. विळी बाजूला ठेवलीस. "बाई, मी दोन दिवस आधी येईन. आठ दिवस न्हाई जमणार मला. दगदग झाली की पुन्हा झोप जाती."

तीस वर्षांत तू मला पहिल्यांदा नाही म्हणालीस. आवाज थरथरत होता तुझा. मी शिक्षक होते ना गं. घाबरत घाबरत पहिल्यांदा फळ्यापाशी आलेलं लेकरू मला ओळखू यायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "गोळ्या खाऊन लई शहाणी झालीस की."

तुझा चेहरा उतरला. मी नेहमीच्या वाक्याची वाट पाहत उभी राहिले. ते आलं नाही. तू म्हणालीस, "तुमाला वाईट वाटलं असलं तर मला बी वाईट वाटतं. पण मी दोनच दिवस येईन."

मी तीन आठवडे तुझ्याशी धड बोलले नाही. तू बोललीस तशी दोन दिवस आधी आलीस. पुरण घातलंस, पंगती उठवल्यास, सगळ्यांशी नीट वागलीस. निघताना दारात चपला घालता घालता म्हणालीस, "बाई, एकदा आपण दोघीच बसून बोलू. मला एक विचारायचंय."

मी म्हणाले, "बघू."

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला. तू अंगण झाडत होतीस, छातीत कळ आली म्हणून पायरीवर बसलीस. वसमतच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा झटका. मी हे मुद्दाम स्पष्ट लिहिते, कारण गावात कुजबुज आहे. 'डोक्याच्या गोळ्या चालू होत्या म्हणं.' ज्यानं त्यानं आपापल्या मनानं पुढचं जोडलं. तू त्या आजारातून वर येत होतीस. झाडू हातात घेऊन, सकाळचं काम करता करता गेलीस. जो कोणी माझ्यासमोर दुसरं काही बोलतो, त्याला मी तिथल्या तिथं थांबवते. तू होतीस तेव्हा तुझी बाजू घेऊन मी एवढं कधी भांडले नव्हते.

तुला काय विचारायचं होतं? मी हेच घोळत बसलेय. त्या पोराचं मला माहीत होतं का, हे? का नुसतं, अजून रागावलात का, एवढंच? का ते चिंचेच्या लोणच्याचं प्रमाण, जे तू दर वर्षी विसरायचीस? हरेक उत्तर मी मनात तयार केलं, आणि प्रत्येक वेळी तू वेगळंच काहीतरी विचारतेस. तुझ्या ज्या दळणाची मी चेष्टा केली, ते आता माझ्या घरी आलं. फरक एवढाच, की तू दुसऱ्यांच्या चुका दळत होतीस. माझ्यापाशी माझ्या स्वतःच्या आहेत.

तेरावा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडं गेले. अश्विनी तुझ्या साड्यांच्या घड्या घालत होती. मी शेजारी बसून साडीचं दुसरं टोक धरलं. ती साडीकडंच बघत म्हणाली, "मोठीमाय, मी तिकडंच राहिले असते तर आई जगली असती. माझ्यामुळं झालं हे सगळं. माझंच चुकलं."

आवाज तुझा होता, सिंधू. अगदी तोच. मला दिसलं, की मी आताही गप्प बसले तर हे लेकरूही त्याच वाटेनं जाणार, आणि गाव हिलाही गुणाची म्हणणार.

मी तिला सगळं सांगितलं. मधल्या सुट्टीतलं बोलणं सांगितलं. तीळ निवडताना तू काय विचारलंस आणि मी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. काही मऊ करून सांगितलं नाही.

तिनं घडी अर्धवट सोडली. "तुला म्हाईत होतं?"

"व्हय."

"आईला हे कळलं होतं का कधी?"

"न्हाई. मी सांगितलं न्हाई."

ती म्हणाली, "मी एकदा म्हणले होते आईला, स्थळ मोठीमायनं आणलं, तिला विचार. तर आई माझ्यावर चिडली. म्हणली, बाईंचं नाव घ्यायचं न्हाई." एवढं बोलून ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. मी उरलेल्या साड्यांच्या घड्या घातल्या आणि घरी आले.

काल दुपारी ती माझ्या दारात आली. आत आली नाही. म्हणाली, "मोठीमाय, माझा राग गेला न्हाई. लवकर जाईल असं बी वाटत न्हाई."

मी म्हणाले, "नको जाऊ देऊ."

"मी गुरुवारी नांदेडला चाललेय. आईच्या त्या डॉक्टरीणबाईंना मला बी भेटायचंय. रात्रंदिवस तेच तेच येऊन राहिलंय डोक्यात."

मी लगेच म्हणाले, "मी येते संगं."

"न्हाई," ती म्हणाली. "तू येऊ नको. मी एकटी जाईन."

टोचलं मला. खोटं कशाला बोलू? वाईट वाटलं आणि तोंडात एक वाकडं उत्तर आलंसुद्धा. ते मी गिळलं आणि म्हणाले, "बरं."

माझं तुला म्हणायचं राहिलेलं ते 'बरं', सिंधू, मी काल तुझ्या लेकीला म्हणाले.